गाडीच्या एसीत घरी गॅस भरायचाय? वाचकांचे प्रश्न

उन्हाळा तोंडावर आला की गाडीच्या एसीबद्दलची पत्रं वाढतात. या वेळच्या बहुतेक पत्रांचा रोख गॅस घरी भरण्याकडे आणि त्यासाठी लागणाऱ्या सामानाकडे आहे. खालची उत्तरं आर-१३४ए गॅसच्या आणि पट्ट्यावर चालणाऱ्या कॉम्प्रेसरच्या गाड्यांपुरतीच आहेत. तुमच्या गाडीत कोणता गॅस आणि किती ग्रॅम, हे बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेलं असतं. तिथे १२३४वायएफ असं काही दिसलं, तर पुढचं तुमच्यासाठी नाही. तो गॅस पेट घेऊ शकतो, त्याचे पोर्ट वेगळ्या मापाचे असतात आणि दोन गॅस एकमेकांत मिसळून चालत नाहीत.

प्रश्न : घरगुती एसीचा गेज सेट मागवला, पण त्याच्या होजची टोकं गाडीला बसत नाहीत. नेमकं कोणतं फिटिंग घ्यायचं? (कोथरूड)

गेज सेट बहुधा ठीक असेल, कमी आहेत ते कपलर, म्हणजे होज गाडीला जोडणारी टोकं. गाडीच्या पाइपांवर दोन सर्व्हिस पोर्ट, म्हणजे होज जोडायची तोंडं, असतात. कूलिंग कॉइलकडून कॉम्प्रेसरकडे येणाऱ्या जाड पाइपवर, म्हणजे एसी चालू असताना जो हाताला गार लागतो त्यावर, लो साइडचा, म्हणजे कमी दाबाच्या बाजूचा, १३ मिलिमीटरचा पोर्ट असतो. कंडेन्सरच्या, म्हणजे गाडीच्या पुढच्या जाळीच्या, बाजूच्या बारीक पाइपवर हाय साइडचा, म्हणजे जास्त दाबाचा, १६ मिलिमीटरचा. टोपणांवर एल आणि एच अशी अक्षरं असतात. मापं मुद्दाम वेगळी ठेवली आहेत, त्यामुळे लो साइडचा निळा कपलर हाय साइडला, जिथे लाल लागतो, चुकूनही बसत नाही. बसत नसेल तर जोर लावू नका, बहुधा तुम्ही चुकीच्या पोर्टवर आहात.

आता कपलरची मागची बाजू. तुमच्या होजचं टोक पाव इंच फ्लेअरचं आहे, म्हणजे आटे ७/१६ इंच व्यासाचे, इंचाला २०. बाजारात कपलर दोन जातींचे मिळतात. काहींच्या मागे हेच पाव इंच फ्लेअरचे आटे असतात, तर काहींच्या मागे १४ मिलिमीटरचे, दीड मिलिमीटर पिचचे. दुसरी जात गाडीसाठीच बनवलेल्या गेज सेटबरोबर येते आणि तुमच्या होजला लागणार नाही. अॅडॅप्टर मिळतो, पण प्रत्येक अॅडॅप्टर म्हणजे गळायला आणखी एक सांधा. नाना पेठेत सुटे भाग घ्यायला जाल तेव्हा एक होज बरोबर न्या आणि दुकानातच बसवून बघा. नुसतं ‘१३४चे कपलर द्या’ म्हणालात, तर हातात कोणती जात पडेल याचा नेम नाही.

होजच्या टोकात एक छोटं वॉशर असतं. गळती थांबते ती त्या वॉशरमुळे, आट्यांमुळे नाही. म्हणून तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळण्यात अर्थ नाही, उलट टेपचा तुकडा आत गेला तर एक्सपान्शन व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे कूलिंग कॉइलच्या तोंडाशी असलेल्या बारीक भोकात, अडकतो. टोक हातानेच घट्ट करा. पान्याने आवळलं की वॉशर कापतं आणि मग पंपाने ओढलेला व्हॅक्यूम टिकत नाही. गेजबरोबर पाच-दहा वॉशर जास्तीचे घेऊन ठेवा.

कपलर लावायची रीत अशी. वरचा नॉब उलटा फिरवून सुई पूर्ण मागे घ्या, बाहेरची कॉलर मागे ओढून कपलर पोर्टवर सरळ दाबा, टक् असा आवाज आला की कॉलर सोडा, आणि मगच नॉब सुलटा फिरवून पोर्टची पिन दाबा. पिन दबली की थांबा. पुढे फिरवत राहिलात तर पिन वाकते आणि कपलर काढल्यावर पोर्ट फुसफुसत राहतो. काढताना आधी नॉब पूर्ण उलटा, मग कॉलर. हाय साइडचा कपलर इंजिन बंद करून, काटा खाली उतरल्यावरच काढावा.

उरला कॅन टॅप, म्हणजे गॅसच्या डब्यावर बसवायची तोटी. ४५० ग्रॅमच्या डब्यावर बसणारा, टोकदार सुईचा टॅप घ्या. त्याचे आटे डब्याच्या गळ्याशी जुळतात का, हे डबा घेतानाच तपासा. सुई पूर्ण वर घेऊन टॅप बसवायचा, मग सुई खाली फिरवून डब्याला भोक पाडायचं, आणि गॅस हवा तेव्हा सुई पुन्हा वर घ्यायची. सुई खाली असतानाच टॅप चढवला तर आटे पकड घेण्याआधीच डबा फुटतो आणि गॅस हातावर येतो. हा गॅस उघड्या हवेत उणे २६ अंशांना उकळतो, म्हणजे बोटांना हिमदाह नक्की. जाड हातमोजे आणि डोळ्यांना पूर्ण झाकणारा चष्मा हवाच. एकदा भोक पाडलं की डबा रिकामा होईपर्यंत टॅप काढता येत नाही.

प्रश्न : लो साइडचा गेज ४० पीएसआयवर आला की गॅस पुरे, असं एका व्हिडिओत सांगितलं आहे. तसं भरलं तर चालेल ना? (धायरी)

नाही. सगळ्यात जास्त कॉम्प्रेसर याच सल्ल्यामुळे जातात.

बंद गाडीत दाब गॅसच्या वजनावर ठरत नाही, तापमानावर ठरतो. ३० अंशांना आर-१३४एचा दाब पुण्यात गेजवर ९८ पीएसआयच्या आसपास येतो, आणि आत द्रवाचा थोडाही अंश असेल तर १०० ग्रॅमलाही तेवढाच दाखवतो, ५०० ग्रॅमलाही. एसी चालू असताना लो साइडचा आकडा इंजिनच्या फेऱ्यांवर, ब्लोअरच्या वेगावर, बाहेरच्या उन्हावर आणि कॉम्प्रेसरच्या जातीवर हलतो. बऱ्याच नव्या गाड्यांतला कॉम्प्रेसर आपल्या पिस्टनचा पल्ला स्वतःच कमी-जास्त करून लो साइड ३० पीएसआयच्या आगेमागे धरून ठेवतो. अशा गाडीत गॅस जास्त झाला तरी निळा काटा जागचा हलत नाही. निळा काटा ४० व्हायची वाट पाहत तुम्ही डबाभर गॅस जास्त घालाल आणि हाय साइड ३०० च्या पुढे जाईल.

म्हणून गॅस वजनावर भरायचा. छोट्या गाड्यांत तो साधारण ३२० ते ४५० ग्रॅम असतो, मागे वेगळी कूलिंग कॉइल असलेल्या मोठ्या गाड्यांत ७०० च्या पुढे. स्टिकरवर बहुधा २०-२५ ग्रॅमची सूट दिलेली असते. स्वयंपाकघरातला ५ किलोचा, ग्रॅमवर मोजणारा डिजिटल काटा पुरतो, मात्र त्याची एक खोड ओळखून असा. तो काही मिनिटांनी आपोआप बंद होतो, आणि शून्यावर आणून ठेवलेला आकडा त्याबरोबर जातो. म्हणून शून्य करूच नका. सुरुवातीचं पूर्ण वजन कागदावर लिहा आणि त्यातून वजा करत चला. डब्याला जोडलेल्या मधल्या, पिवळ्या होजचा ताण काट्यावर आला तरी १५-२० ग्रॅमचा फरक पडतो. होज स्टुलाला चिकटपट्टीने बांधून टाका आणि मग वजन घ्या.

क्रम असा ठेवा. व्हॅक्यूम (तो कसा मारायचा, ते पुढे पिंपळे सौदागरच्या उत्तरात) पूर्ण झाला की मॅनिफोल्डचे, म्हणजे गेज बसवलेल्या ठोकळ्याचे, दोन्ही नॉब बंद. पिवळी होज पंपावरून काढून कॅन टॅपला लावा, डबा उघडा, आणि मॅनिफोल्डकडचं पिवळ्या होजचं टोक क्षणभर सैल करून आतली हवा बाहेर जाऊ द्या. मग वजन लिहा. इंजिन बंद असतानाच निळा नॉब उघडा. व्हॅक्यूममुळे १५० ते २०० ग्रॅम गॅस आपणच आत ओढला जातो. ओघ थांबला की इंजिन चालू करा, फेऱ्या १५०० वर, एसी सगळ्यात थंडवर, ब्लोअर पूर्ण, काचा खाली. मागे वेगळा ब्लोअर असेल तर तोही चालू. उरलेला गॅस निळ्या बाजूने, डबा उभा ठेवूनच घ्या. डबा उलटा केला तर द्रव थेट कॉम्प्रेसरमध्ये जातो, आणि द्रव दाबला जात नसल्यामुळे आतले व्हॉल्व्ह तुटतात.

लाल नॉब या सगळ्या वेळात बंदच. चालू इंजिनवर तो उघडला तर हाय साइडचा दाब डब्यात शिरतो. पत्र्याचा डबा तो दाब झेलू शकत नाही, तो फुटतो.

भरता भरता डबा गार पडतो आणि ओघ मंदावतो. डबा दोन लिटर कोमट पाण्यात ठेवा, फार तर ४० अंशांच्या. ४०० ग्रॅम गॅस उकळून जाताना हे पाणी आठेक अंशांनी निवतं, म्हणजे एकदा भरलेलं पाणी पुरतं. भांड्यासकट डबा काट्यावर ठेवा आणि पाणी डब्याच्या अर्ध्यापर्यंतच घ्या. रिकामा होत आलेला डबा तरंगतो, आडवा होतो, आणि नको तेव्हा द्रव जातो. शेगडीवर तापवलेलं कडक पाणी किंवा ब्लोटॉर्च चालणार नाही.

उभ्या डब्यातून भरण्याचा आणखी एक फायदा. दीड मीटरच्या, ५ मिलिमीटर पोकळीच्या होजमध्ये द्रव भरला तर साधारण ३५ ग्रॅम मावतो, वायू मात्र एखाद-दुसराच ग्रॅम. द्रवाने भरलं, तर वजनकाट्याने ‘गेला’ म्हणून दाखवलेले ते ३५ ग्रॅम गाडीत नसतात, होजमध्येच बसलेले असतात.

गेज वाया गेलेला नाही. वजन पूर्ण झाल्यावर तब्येत तपासायला तोच लागतो. बाहेर ३५ अंश असताना निळा ३० ते ४०, लाल २०० ते २४० पीएसआयच्या दरम्यान असला, तर ठीक.

प्रश्न : गाडीत आधीचा थोडा गॅस आहे. तो सोडून द्यायचा की त्यावरच भरायचा? (औंध)

आत किती आहे हे मोजता येत नाही, म्हणून ‘त्यावर’ किती भरायचा हेही सांगता येत नाही. हवेत सोडणं तर नकोच. आर-१३४एची उष्णता धरून ठेवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या १४३० पट धरली जाते. ४०० ग्रॅम सोडणं म्हणजे ५७० किलो कार्बन डायऑक्साइड, जवळजवळ अडीचशे लिटर पेट्रोल जाळल्यासारखं. रिकव्हरी मशीन असलेल्या वर्कशॉपमध्ये गॅस काढून घ्या. मशीन निघालेल्या गॅसचं वजन दाखवतं, ते विचारून लिहून ठेवा. ४५० पैकी २०० च निघाला, तर गळती किती मोठी आहे याचा अंदाज तिथेच येतो.

प्रश्न : नवा दोन-स्टेज व्हॅक्यूम पंप आहे, तरी काटा २८ इंचांच्या पुढे जात नाही. पुस्तिकेत २९.९ लिहिलं आहे. पंप खराब आहे का? की फ्रिजचा जुना कॉम्प्रेसर लावून बघू? (पिंपळे सौदागर)

पंप चांगला आहे. २९.९ हा समुद्रसपाटीचा आकडा. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, इथे हवेचा दाबच ९४८ मिलिबारच्या आसपास, म्हणजे पाऱ्याचे २८ इंच. त्याहून जास्त ओढायला इथे हवाच नाही. सेंटिमीटरचा गेज असेल तर ७६ ऐवजी ७१ दिसेल. पुण्यात ३० दाखवणारा गेज खोटं बोलतोय, त्याचा काटा आधी शून्यावर आणा.

शेवटचा दीड इंच मात्र महत्त्वाचा. व्हॅक्यूम मारतात तो हवा काढण्यासाठी आणि पाइपांत साचलेलं पाणी उकळवून काढण्यासाठी. ३० अंशांना पाणी उकळायला निरपेक्ष दाब ४२ मिलिबारच्या खाली न्यावा लागतो, पुण्यात गेजवर २६.७ इंचांच्या पलीकडे. काटा २६ वर अडला असेल तर तासभर पंप चालवूनही पाणी आतच राहील, मग ते एक्सपान्शन व्हॉल्व्हमध्ये गोठून एसी दर दहा मिनिटांनी गरम हवा फेकेल. फ्रिजचा कॉम्प्रेसर कसाबसा या हद्दीपर्यंत पोचतो, त्याची ओढ बारीक असते, आणि ओढलेली वाफ त्याच्याच तेलात मुरते. पंप हाताशी असताना त्या खटपटीत पडू नका.

३०-४५ मिनिटं पंप चालवा. पावसाळ्यात पाइप उघडे राहिले असतील तर तासाच्या वर, आणि ओल शोषणारी ड्रायर बॉटल नवी. मॅनिफोल्डचे नॉब आधी बंद करा, मग पंप. उलट केलंत तर हवा आणि पंपाचं तेल मागे ओढलं जाईल. वीस मिनिटं काट्याकडे पाहा. शून्याकडे थोडा चढून थांबला तर ओल शिल्लक आहे, अजून पंप मारा. चढतच राहिला तर गळती. काटा जागचा हलला नाही तरी गळती नाहीच असं समजू नका. व्हॅक्यूममध्ये सांध्यावर फार तर एका बारचा दाब पडतो, तोही बाहेरून आत. चालू एसीत १५ बार आतून बाहेर ढकलत असतात. पंपाचं तेल दुधाळ दिसलं की बदला.

प्रश्न : दर उन्हाळ्यात गॅस ‘संपतो’. गाडी जुनी झाली की असंच होतं का? (हडपसर)

गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. रबरी होज आणि शाफ्ट सीलमधून थोडा झिरपतो, हे खरं. युरोपच्या २००६ च्या नियमात एका कूलिंग कॉइलच्या गाडीसाठी वर्षाला ४० ग्रॅमची मर्यादा घातली होती. त्या हिशेबाने ४५० ग्रॅमची गाडी काही वर्षं बिनबोभाट चालायला हवी. वर्षाला रिकामी होते म्हणजे ती गळते आहे, आणि आधी गळती शोधायची.

पहिली तपासणी सर्व्हिस पोर्टची. टोपण काढून पिनवर साबणाचं पाणी टाका, इंजिन बंद असताना. पिन बदलायला खास पाना मिळतो. टायरच्या ट्यूबची पिन दिसायला तशीच असते, पण तिचं रबर या गॅसला आणि तेलाला टिकत नाही. टोपण हरवलं असेल तर नवं घ्या, त्याच्या आतली रिंग हीच खरी सील असते. त्यानंतर सांध्यांवर तेलकट धूळ कुठे चिकटली आहे ते पाहा. गॅसबरोबर तेल बाहेर येतं, म्हणून गळतीच्या जागी काळपट चिकट डाग पडतो. कंडेन्सरचा खालचा भाग आणि कॉम्प्रेसरचं तोंड जास्त संशयित. सांध्यातली रबरी ओ-रिंग घ्यायची तर एचएनबीआर रबराची, बहुधा हिरवी असते. ती कॉम्प्रेसरचंच तेल लावून बसवा, ग्रीस नाही. उघडलेल्या सांध्यावर जुनी रिंग पुन्हा चढवू नका.

दिसत नसेल तर यूव्ही डाय ७ मिलिलिटर घालून आठवडाभर गाडी चालवा, मग रात्री पिवळा चष्मा लावून यूव्ही टॉर्चने बघा. पाणी टपकणाऱ्या ड्रेन पाइपच्या तोंडाशी हिरवट चमक दिसली तर कूलिंग कॉइल गेली, डॅशबोर्ड उघडावा लागणार. दाबाखाली तपासायची तर रेग्युलेटर लावून नायट्रोजन, १५० पीएसआयपर्यंत. टायरवाल्याकडची हवा अजिबात नको, ती ओल घेऊन येते, शिवाय दाबाखाली हवेत मिसळलेला १३४ए पेट घेऊ शकतो.

‘गळती बंद’ लिहिलेले डबे घेऊ नका. ते आतल्या व्हॉल्व्हमध्येही थिजतात, आणि पुढे कोणी आपलं रिकव्हरी मशीन तुमच्या गाडीला लावायला तयार होत नाही.

प्रश्न : गॅस भरला, हायवेला छान गार होतं, पण सिग्नलला थांबलो की हवा कोमट. गॅस कमी पडला का? (चिंचवड)

बहुधा नाही. वेगात वारा कंडेन्सरला गार करतो, थांबल्यावर ते काम पंख्याचं. एसी लावून बॉनेट उघडा, पंखा फिरतोय का आणि पूर्ण वेगात फिरतोय का ते बघा, हात लांब ठेवून. कंडेन्सरच्या जाळीतली माती आणि किडे पाण्याच्या हलक्या धारेने धुवा. प्रेशर वॉशरने पत्र्या वाकतात.

गेज लावलेच असतील तर दोन्ही काटे एकत्र वाचा. दोन्ही खाली असतील तर गॅस कमी. दोन्ही वर असतील तर पंखा, कंडेन्सर, आत राहिलेली हवा किंवा जास्त गॅस. निळा वर आणि लाल खाली, तर कॉम्प्रेसर थकला. निळा व्हॅक्यूमकडे चालला असेल तर एक्सपान्शन व्हॉल्व्ह तुंबला किंवा गोठला. काटे बरोबर आणि हवा तरी कमी, तर केबिन फिल्टर काढून पाहा.

प्रश्न : कॉम्प्रेसर लागतच नाही. प्रेशर स्विचची वायर शॉर्ट करून चालवू का? (वारजे)

गॅस फार कमी झाला की स्विच कॉम्प्रेसर मुद्दाम बंद ठेवतो, कारण तेल गॅसबरोबरच फिरतं. शॉर्ट केलात तर तो कोरडा फिरून जळेल. व्हॅक्यूमनंतरचा पहिला दोनशे ग्रॅम आत गेला की तो आपणच लागतो. तरीही नाही लागला, तर फ्यूज, रिले आणि क्लचची कॉइल तपासा.

प्रश्न : स्वस्तात मिळालेला डबा नकली आहे का, घरी कळेल का? (रास्ता पेठ)

अर्धंच. डबा तासभर ३० अंशांच्या पाण्यात ठेवून गेज लावा. ९८ पीएसआयच्या जवळ यायला हवा. दीडशेच्या वर गेला तर आत आर-२२ हा वेगळा गॅस किंवा तसलंच काही आहे. पण आकडा जुळला म्हणजे माल खरा, असं नाही. नकली १३४एमध्ये मिथिल क्लोराइड सापडलेलं आहे. त्याचा दाब जवळपास तेवढाच, आणि ते अॅल्युमिनियमशी मिळून हवेत आपोआप पेटणारं संयुग बनवतं. ते फक्त गॅस ओळखणाऱ्या आयडेंटिफायर यंत्रावर कळतं. कंपनीच्या विक्रेत्याकडून, सीलबंद, पावतीसकट घ्या. स्वयंपाकाचा गॅस भरून देणारेही भेटतात. गारवा येतो, पण कूलिंग कॉइल गळली की तोच गॅस केबिनमध्ये.

प्रश्न : सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये हे काम केलं तर चालेल? (खराडी)

नाही. हा गॅस हवेच्या साडेतीन पट जड, तळाशी साचतो आणि हवेची जागा घेतो. त्यात इंजिनचा धूर. उघड्यावर, सावलीत करा, आणि जवळ बिडी-सिगारेट नको, कारण ज्योतीवर या गॅसचं विषारी हायड्रोजन फ्लोराइड होतं.

प्रश्न : हेच सामान माझ्या हायब्रिड गाडीला चालेल का? (बाणेर)

गॅस तोच असला तरी नाही. तिथला कॉम्प्रेसर विजेवर चालतो आणि त्याची मोटर तेलातच बुडालेली असते. त्याला वीज न वाहणारं पीओई तेल लागतं. साध्या गाड्यांतलं पॅग तेल वीज वाहतं. इतर गाडीला वापरलेल्या होजमधून त्याचा थोडा अंश जरी आत गेला, तर विजेचं इन्सुलेशन बिघडल्याचा कोड गाडीच्या संगणकात येतो आणि गाडी जागेवर उभी राहते. उच्च दाबाच्या विजेच्या नारिंगी वायर दिसल्या की गेज परत डब्यात.